ल्युपस असताना स्टॅटिन: चाचण्यांतून काय कळलं आणि गोळी कशी सुरू करायची

३५ ते ४४ वयाच्या, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार) असलेल्या बायकांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण त्याच वयाच्या इतर बायकांपेक्षा ५० पटींहून जास्त आहे, असं अमेरिकेत पिट्सबर्गच्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं. हा आकडा वाचून घाबरायला होतं, म्हणून त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. या वयात निरोगी बाईला झटका येणं फारच विरळ, त्यामुळे ५० पट झाले तरी प्रत्यक्ष रुग्णांची संख्या मोठी होत नाही. सगळी वयं एकत्र धरली तर फरक यापेक्षा पुष्कळ कमी भरतो. तरी ल्युपसमध्ये रक्तवाहिन्या लवकर खराब होतात, याबद्दल आता शंका उरलेली नाही. कॅनडातल्या टोरंटोच्या डॉक्टरांनी १९७६ मध्येच नोंदवलं होतं की सुरुवातीच्या वर्षांत ल्युपसचे रुग्ण आजाराच्या भडक्याने आणि जंतुसंसर्गाने दगावतात, तर बऱ्याच वर्षांनंतर हृदयविकाराने.

मग प्रत्येकीला कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, द्यावी का? ठाणे-नवी मुंबईतल्या दवाखान्यांत हा प्रश्न रोज निघतो. काही जणींना रिपोर्ट न बघताच गोळी सुरू होते. काही जणींचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १७० असूनही 'तू अजून तिशीत आहेस' म्हणून सोडून दिलं जातं. दोन्ही चूकच. ल्युपस आहे एवढ्या कारणावर स्टॅटिन घ्यायचं नाही आणि वय कमी आहे एवढ्या कारणावर ते टाळायचंही नाही. धोका मोजायचा, आधी करायची कामं आधी करायची आणि मग गोळी घ्यायची ठरली तर ती नीट घ्यायची.

चाचण्यांमध्ये काय तपासलं गेलं

स्टॅटिन कोलेस्टेरॉल कमी करतं आणि थोडा दाहही कमी करतं. ल्युपस हा दाहाचाच आजार, तेव्हा एका गोळीत दोन्ही कामं होतील अशी आशा होती. ती पडताळायला दोन मोठ्या चाचण्या झाल्या.

पहिली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये झाली, तिचं नाव 'लॅप्स'. हृदयविकाराची लक्षणं नसलेले ल्युपसचे २०० रुग्ण त्यात होते. निम्म्यांना रोज ४० मिलिग्रॅम ॲटोरव्हास्टॅटिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दोन वर्षं दिली. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठणारं कॅल्शियम सीटी स्कॅनवर मोजलं. दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. ल्युपसचा जोर आणि दाहाच्या तपासण्या यांतही फरक पडला नाही.

दुसरी चाचणी 'ॲपल'. तिचे निकाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. उत्तर अमेरिकेतल्या २१ केंद्रांवर १० ते २१ वर्षं वयाचे २२१ रुग्ण, ॲटोरव्हास्टॅटिन १० किंवा २० मिलिग्रॅम, तीन वर्षं. इथे मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या भिंतीची जाडी सोनोग्राफीवर मोजली. एलडीएल आणि सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) उतरले, पण भिंतीची जाडी वाढण्याच्या वेगात ठोस फरक पडला नाही. गोळी सुरक्षित ठरली, हा यातला दिलासा. नंतर त्याच आकडेवारीची पुन्हा छाननी केली तेव्हा वयात आलेल्या आणि सीआरपी जास्त असलेल्या मुलामुलींना काही फायदा होत असावा असं दिसलं. मात्र अशा मागाहून केलेल्या छाननीवर उपचार ठरवत नाहीत, त्यातून फक्त पुढच्या चाचणीची दिशा मिळते.

या दोन्ही चाचण्यांचा अर्थ 'ल्युपसमध्ये स्टॅटिन चालत नाही' असा लावू नका. त्यांत माणसं निवडली ती ल्युपस आहे म्हणून, कोलेस्टेरॉल जास्त आहे म्हणून नव्हे. मोजलं कॅल्शियम आणि भिंतीची जाडी, झटके मोजले नाहीत. एवढ्या लोकांत आणि दोन-तीन वर्षांत झटक्यांचा फरक दिसणं शक्यच नव्हतं. उलट सर्वसाधारण लोकांवरच्या चाचण्यांतून पक्कं ठाऊक आहे की एलडीएल साधारण ३९ मिलिग्रॅमने उतरलं की झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होतात. एलडीएल खरोखरच वाढलेलं असेल तर ल्युपसच्या रुग्णाला हा फायदा नाकारायचं कारण नाही.

गोळीच्या आधीची कामं

ल्युपसमध्ये कोलेस्टेरॉल वाढायला आहाराखेरीज चार कारणं असू शकतात, आणि ती तशीच ठेवून स्टॅटिन देणं म्हणजे वरवरचा इलाज.

लघवीतून प्रोटीन जात असेल तर यकृत जास्त चरबी तयार करतं आणि एलडीएल चढतं. म्हणून सकाळच्या पहिल्या लघवीवर प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर करून घ्या. ०.५च्या वर आलं तर लिपिड (रक्तातल्या चरबीचे आकडे) बाजूला ठेवून आधी संधिवाततज्ज्ञ किंवा किडनीच्या डॉक्टरांना दाखवा. नेफ्रायटिसवर (ल्युपसमुळे किडनीला आलेल्या सुजेवर) इलाज झाला की कोलेस्टेरॉल बऱ्याचदा आपसूक उतरतं.

दुसरं स्टेरॉइड. प्रेडनिसोलोनचा रोजचा डोस जितका जास्त आणि जितका लांबलेला, तितके ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी), साखर, वजन आणि रक्तदाब वर. आजार शांत असताना हा डोस ५ मिलिग्रॅम किंवा त्याखाली आणायचा असं हल्लीचं मार्गदर्शन सांगतं. स्वतःहून मात्र कमी करू नका. महिनोन्महिने घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं तर शरीर कोसळू शकतं.

तिसरं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मध्येच सोडणं. ही गोळी ल्युपस आवरते, शिवाय कोलेस्टेरॉल आणि साखर थोडी खाली ठेवते, रक्ताच्या गुठळ्यांचा धोकाही कमी करते. बऱ्याच जणी 'डोळे जातात' या भीतीने ती मध्येच सोडतात आणि इथेच मोठं नुकसान होतं. डोस वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवायचा. ५२ किलो वजनाला ही मर्यादा रोजची २६० मिलिग्रॅम येते. म्हणून डॉक्टर एक दिवस २०० आणि एक दिवस ३०० अशी गोळी लिहून देतात, म्हणजे सरासरी २५० पडते. सुरुवातीला एकदा डोळ्यांचा पडदा तपासायचा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. किडनी कमजोर असेल तर वार्षिक तपासणी आधीपासूनच.

चौथं थायरॉइड. ल्युपससोबत थायरॉइडचा त्रास पुष्कळदा असतो. तो मंद असेल तर एलडीएल वाढतं आणि अशा वेळी स्टॅटिन घेतलं तर स्नायूंना त्रास व्हायची शक्यताही वाढते. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) केल्याशिवाय स्टॅटिन सुरू करू नये.

रक्तदाबाचं लक्ष्य ल्युपसमध्ये १३०/८०च्या खाली ठेवतात. घरी मोजताना पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या उंचीला ठेवून, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळ-संध्याकाळ सात दिवस मोजून पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा. ठाणे स्टेशनचा पूल चढून-उतरून थेट दवाखान्यात गेल्यावर घेतलेला आकडा पकडू नका. तंबाखू, मिश्री आणि सिगारेट यांबद्दल लिहायचं ते एकच: बंद.

रक्त कधी द्यायचं आणि रिपोर्ट कसा वाचायचा

ताप, जंतुसंसर्ग किंवा ल्युपसचा भडका चालू असताना लिपिड प्रोफाइल करू नका. दाह जोरात असताना एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) घसरतं, ट्रायग्लिसराइड वाढतात आणि एलडीएल खोटं कमी दिसू शकतं. ही परिस्थिती निवळून काही आठवडे जाऊ द्या. गणपतीतले मोदक किंवा दिवाळीचा फराळ चालू असतानाही नको, त्यानंतर दोनेक आठवड्यांनी करा. साबुदाणा आणि दाण्याच्या कूटावरच्या उपासाच्या दुसऱ्या दिवशीही नको.

पहिल्या तपासणीला उपाशी राहणं सक्तीचं नाही. मात्र ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर निघाले तर १० ते १२ तास उपाशी राहून पुन्हा करा. पाणी आणि नेहमीची औषधं चालतात. पहिल्याच खेपेला एकत्र करून घ्यायच्या तपासण्या: लिपिड प्रोफाइल, एसजीपीटी (यकृतासाठी), सीपीके (स्नायूंसाठी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच, साखर, लघवीचं गुणोत्तर आणि आयुष्यात एकदाच लागणारं लायपोप्रोटीन-ए. हे शेवटचं अनुवंशिक असतं, आहाराने बदलत नाही. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढतो. रक्तपेशी फुटून हिमोग्लोबिन कमी झालं असेल तर एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) खोटं कमी येतं. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरच बघावी.

घोडबंदर रोडला किंवा उलव्याला घरून रक्त नेलं जातं तेव्हा नमुना उन्हातून बराच वेळ प्रवास करतो. रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड' (नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या) असा शेरा असेल तर पोटॅशियम आणि एसजीओटी यांच्यावर विश्वास ठेवू नका, नमुना पुन्हा द्या. सीपीके द्यायच्या आधी दोन दिवस जोराचा व्यायाम, जड सामानाची उचलाउचल आणि कमरेतलं इंजेक्शन टाळा. तेवढ्यानेही आकडा चढतो. प्रत्येक वेळी तपासणी एकाच लॅबमध्ये करा, कारण काही लॅब एलडीएल थेट मोजतात, तर काही गणिताने काढतात.

ते गणित तुम्हीही करू शकता. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा. एकूण २३८, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड २१० असतील तर २३८ वजा ३८ वजा ४२, म्हणजे एलडीएल १५८. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे गेले की हे गणित लागू पडत नाही. त्याच रिपोर्टमधून नॉन-एचडीएलही काढा: २३८ वजा ३८, म्हणजे २००. ल्युपसमध्ये ट्रायग्लिसराइड चढलेले आणि एचडीएल पडलेलं असा ढाचा जास्त दिसतो, म्हणून हा आकडा एलडीएलइतकाच महत्त्वाचा. बऱ्याच रिपोर्टमध्ये तो छापलेला असतो, पण कोणी बघत नाही.

धोका मोजताना

इथे खरी अडचण येते. अमेरिकी पद्धतीचं २०१३ चं गणकयंत्र ४० वर्षांपासून पुढे चालतं आणि त्यात ल्युपसचा रकानाच नाही. ऐरोलीतल्या ३२ वर्षांच्या बाईला त्यातून काहीच कळत नाही. ब्रिटनमधलं 'क्यूरिस्क३' २५ वर्षांपासून चालतं. ल्युपस, नियमित स्टेरॉइड, किडनीचा आजार आणि भारतीय वंश हे सगळं त्यात भरता येतं. ते भारतातल्या लोकांवर बेतलेलं नाही, म्हणून त्याचा आकडा प्रमाण मानू नका. तरी पहिल्या यंत्रापेक्षा ते बरं. अमेरिकेच्या २०१८ च्या मार्गदर्शनातही ल्युपससारखे दाहाचे आजार आणि दक्षिण आशियाई वंश या दोन्ही गोष्टी धोका वाढवणाऱ्या म्हणून नोंदल्या आहेत. आपल्या रुग्णांकडे दोन्ही असतात.

गणित न मांडताच गोळीकडे वळावं अशा काही परिस्थिती: आधी झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेला, एलडीएल १९० किंवा वर, चाळिशीनंतरचा मधुमेह, किंवा सोनोग्राफीत मानेच्या धमनीत चरबीचा थर दिसलेला. पन्नाशी ओलांडलेली आणि किडनीचा जुना आजार असलेली व्यक्तीही यात येते. घरात वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवणाऱ्या) पॉझिटिव्ह आहेत का, हेही सांगा.

हृदयाचा कॅल्शियम स्कॅन तिशीतल्या बाईला सहसा करू नये. तरुण वयातला थर मऊ असतो, त्यात कॅल्शियम बसलेलं नसतं. म्हणून 'शून्य' आलं तरी त्याने निश्चिंत होता येत नाही.

लक्ष्य किती ठेवायचं? आपल्याकडचे हृदयतज्ज्ञ साधारणपणे कमी धोक्याला एलडीएल १०० च्या आत, जास्त धोक्याला ७० च्या आत आणि झटका येऊन गेलेल्यांना ५५ च्या आत धरतात. फाइलवर तुमचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. लक्ष्य लिहिलेलं नसलं की दरवेळी नवा डॉक्टर नवा निर्णय घेतो.

कोणती गोळी आणि कशासोबत नको

ॲटोरव्हास्टॅटिन १० ते २० किंवा रोसुवास्टॅटिन ५ ते १० मिलिग्रॅम हा मध्यम डोस. त्याने एलडीएल ३० ते ४९ टक्के उतरतं. ॲटोरव्हास्टॅटिन ४० ते ८० किंवा रोसुवास्टॅटिन २० ते ४० हा जोरदार डोस, त्याने ५० टक्के किंवा जास्त. डोस दुप्पट केला की फायदा दुप्पट होत नाही, फक्त सहाएक टक्क्यांची भर पडते. म्हणून मध्यम डोसवर लक्ष्य थोडक्यात हुकलं तर डोस चढवत नेण्यापेक्षा इझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलचीच दुसरी गोळी १० मिलिग्रॅम जोडणं पुष्कळदा शहाणपणाचं. त्याने आणखी २० टक्क्यांच्या आसपास उतार मिळतो.

किडनी बरीच कमजोर असेल तर ॲटोरव्हास्टॅटिन सोयीचं, त्याचा डोस किडनीनुसार बदलावा लागत नाही. रोसुवास्टॅटिन अशा वेळी ५ ने सुरू करून १० च्या वर नेत नाहीत. रोसुवास्टॅटिनच्या मोठ्या डोसने लघवीत प्रोटीन दिसू शकतं. नेफ्रायटिसच्या रुग्णात त्यामुळे मोठा गोंधळ होतो, कारण आजार उलटला की गोळीचा परिणाम आहे हे लगेच कळत नाही.

ल्युपसच्या औषधांपैकी सगळ्यात जपायचं ते सायक्लोस्पोरिनला. त्याच्यासोबत स्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी वाढतं. सिमव्हास्टॅटिन अजिबात नको, ॲटोरव्हास्टॅटिन टाळायचं, रोसुवास्टॅटिन दिलंच तर ५ च्या वर नाही. वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असताना रोसुवास्टॅटिन सुरू केलं की आयएनआर (रक्त किती पातळ झालं त्याचा आकडा) वाढतो. सुरू केल्यावर आणि डोस बदलल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत तो तपासा. क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) आणि इट्राकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) ॲटोरव्हास्टॅटिनसोबत धोक्याची. पावसाळ्यात खोकला किंवा नायटा झाला म्हणून जवळच्या डॉक्टरांकडे जाताना औषधांची यादी सोबत न्या. पपनस भरपूर खायची सवय असेल तर ॲटोरव्हास्टॅटिनवर असताना ते टाळा. आहारपूरक म्हणून विकला जाणारा 'रेड यीस्ट राइस' घेऊ नका, त्यात नैसर्गिक लोव्हास्टॅटिनच असतं आणि मग नकळत दोन स्टॅटिन पोटात जातात.

मेडिकलमध्ये स्ट्रिप हातात घेतल्यावर

हे शांतपणे वाचा, कारण इथली चूक महिनोन्महिने कळत नाही. आपल्याकडे स्टॅटिनच्या ब्रँडच्या नावाला पुढे शेपूट जोडलेलं असतं. 'एफ' असेल तर बहुधा फेनोफायब्रेट (ट्रायग्लिसराइडवरचं औषध) मिसळलेलं असतं. 'एएसपी' म्हणजे ॲस्पिरिन. 'सीव्ही' किंवा 'गोल्ड' असेल तर ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल असं काहीतरी. दिसायला नाव तेच, स्ट्रिप तशीच. फेनोफायब्रेटने क्रिएटिनिन वाढतं, मग किडनीचे डॉक्टर ल्युपस उलटला असं समजून स्टेरॉइड वाढवण्याचा विचार करतात. वॉरफेरिनवर असलेल्या बाईच्या पोटात न सांगता ॲस्पिरिन गेलं तर रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून ब्रँडचं मोठं नाव सोडा आणि स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेली औषधांची नावं आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी ताडून बघा. चिठ्ठीवर एकच औषध आणि स्ट्रिपवर दोन नावं असतील तर परत द्या. जनऔषधी केंद्रात हीच औषधं बरीच स्वस्त मिळतात. तिथे मूळ नावाने मागा.

ॲटोरव्हास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन दिवसात कधीही घेतली तरी चालतात, वेळ रोज तीच ठेवा. ॲसिडिटीचं पातळ औषध रोसुवास्टॅटिननंतर दोन तासांनी आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनपासून चार तास लांब. इसबगोलही इतर गोळ्यांपासून दोन तास दूर.

पहिले तीन महिने

गोळी सुरू केल्यावर चार ते बारा आठवड्यांत लिपिड आणि एसजीपीटी पुन्हा करा. किती टक्के उतरलं ते काढा. १५८ वरून ९२ म्हणजे ६६ ने उतरलं, सुमारे ४२ टक्के. मध्यम डोसला हे अगदी बरोबर. १० टक्केही उतरलं नसेल तर गोळी रोज घेतली जात नाहीये, किंवा लघवीतलं प्रोटीन वाढलंय, किंवा स्टेरॉइडचा डोस मध्ये चढलाय. डोस वाढवण्याआधी हे तिन्ही बघा. एसजीपीटी कमाल मर्यादेच्या तिपटीवर गेलं तर स्टॅटिन थांबवून डॉक्टरांना भेटा. मेथोट्रेक्सेट आणि ॲझाथायोप्रिन ही ल्युपसची औषधंही यकृताला त्रास देतात, तेव्हा दोष नेमका कुणाचा हे शोधावं लागतं. आकडा नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करू नका. तो नॉर्मल आहे तो गोळीमुळेच.

अंगदुखी हा ल्युपसमधला सगळ्यात अवघड भाग. दुखण्याची कारणं आधीच पाच-सहा असतात आणि नवी गोळी आली की सगळा आळ तिच्यावर जातो. स्टॅटिनचं दुखणं सहसा दोन्ही मांड्यांत, पोटऱ्यांत किंवा खांद्यांत सारखं असतं आणि सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जाणवतं. बोटांच्या सांध्यांत सूज आणि सकाळचा आखडलेपणा असेल तर तो ल्युपस. जमिनीवर मांडी घालून बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, दुखत मात्र नाही, आणि सीपीके नॉर्मल आहे, तर स्टेरॉइडमुळे स्नायू अशक्त झालेत असं समजा. ड-जीवनसत्त्व आणि पोटॅशियम कमी असणं हीदेखील नेहमीची कारणं. दुखायला लागलं की सीपीके, टीएसएच, पोटॅशियम आणि ड-जीवनसत्त्व करा. सीपीके मर्यादेच्या चौपटीच्या आत असेल तर डॉक्टर दोन ते चार आठवडे गोळी थांबवून बघतात. दुखणं थांबलं तर कमी डोसने किंवा दुसऱ्या स्टॅटिनने पुन्हा सुरू करतात. बहुतेकींना दुसऱ्या खेपेला चालतं. दहापटीच्या वर असेल तर ताबडतोब बंद. लघवी चहासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, स्नायू विरघळून किडनीत अडकत असण्याची शक्यता असते. फार क्वचित गोळी बंद करूनही अशक्तपणा वाढतच जातो. तो स्नायूंवरचा वेगळा प्रतिकारशक्तीचा आजार असू शकतो आणि त्याची अँटिबॉडी तपासणी असते.

मूल हवं असेल तर

ल्युपसच्या बहुतेक रुग्ण याच वयातल्या, म्हणून हा विषय गोळीच्या पहिल्या दिवशीच काढायला हवा. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२१ मध्ये गरोदरपणातला सरसकट मनाईचा कडक इशारा काढला, पण बहुतेक गरोदर बायकांनी स्टॅटिन थांबवावं हा सल्ला कायम आहे. मूल ठरवताना आधीच बंद करा. चुकून दिवस गेले असतील आणि गोळी चालू असेल तर घाबरू नका, गोळी थांबवून स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. अंगावर पाजतानाही नको. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र गरोदरपणात चालूच ठेवायची असते. सासूबाईंनी 'सगळ्या गोळ्या बंद कर' म्हटलं तरी ही नाही. अँटिफॉस्फोलिपिड पॉझिटिव्ह असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नका.

ताट आणि चालणं

तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर, मीठ दिवसाला एक छोटा चमचा, त्यातच लोणचं, पापड, सुकट सगळं आलं. आगरी-कोळी घरांत मासे रोजचे, ही जमेची बाजू. बांगडा कालवणात उत्तम, रव्यात तळला की फायदा जातो. ओल्या नारळाचं वाटण निम्मं करून कांदा-लसूण वाढवा. अल्फाल्फाचे कोंब आणि गोळ्या ल्युपसमध्ये टाळा, त्याने आजार उलटल्याच्या नोंदी आहेत. उन्हाने ल्युपस भडकतो, म्हणून तलावपाळी, उपवन किंवा वाशीचं सागर विहार गाठायचं ते सकाळी सातच्या आत किंवा सूर्यास्तानंतर. आठवड्याला १५० मिनिटं भराभर चाला. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारल्या तरी चालतं.

एखाद्या औषधचाचणीत भाग घ्यायचा असेल तर

भारतातली प्रत्येक औषधचाचणी सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदणीत आधी नोंदवावी लागते. १५ जून २००९ पासून ते बंधनकारक आहे. संकेतस्थळावर 'ल्युपस' आणि औषधाचं नाव टाकून शोधा. चाचणी कुठल्या हॉस्पिटलात आहे, किती रुग्ण घेणार आहेत, काय मोजणार आहेत, सगळं तिथे दिसतं. कोणी चाचणीत घेतो म्हणालं आणि नोंदणी क्रमांक देता आला नाही तर सही करू नका.

सहीआधी माहितीपत्रक मराठीत मागा, घरी न्या, निवांत वाचा. औषध नसलेली गोळी मिळण्याची शक्यता किती? शेवटी मोजणार काय, झटके की नुसते आकडे? चालू औषधं बंद करावी लागतील का? कॅल्शियम स्कॅन किती वेळा होणार? गर्भधारणा झाली तर काय? हे सगळं विचारा. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात आणि भरपाईची तरतूद आहे. केव्हाही कारण न देता बाहेर पडता येतं, त्याने तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. एथिक्स कमिटीचा फोन नंबर त्या पत्रकावर असतो, तो मोबाइलमध्ये ठेवा. एलडीएल १९० च्या वर असेल किंवा झटका येऊन गेला असेल तर औषध नसलेल्या गोळीशी तुलना करणाऱ्या स्टॅटिन चाचणीत जाऊ नका. तुम्हाला औषध लागतं हे आधीच सिद्ध झालेलं आहे.

छातीत दुखायला लागलं तर

ल्युपसमध्ये छातीत दुखण्याची कारणं बरीच. हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज आली तर आडवं पडल्यावर वाढतं आणि पुढे वाकून बसल्यावर बरं वाटतं. फुप्फुसाच्या आवरणाला आली तर खोल श्वास घेताना टोचतं. बरगडीच्या सांध्याची सूज असेल तर दाबल्यावर दुखतं. पण हे वर्गीकरण घरी करत बसू नका. बायकांमध्ये झटका पुष्कळदा दम लागणं, जबडा, पाठ किंवा पोटाच्या वरच्या भागात जडपणा, मळमळ आणि गार घाम अशा रूपात येतो, आणि 'ॲसिडिटी झाली असेल' म्हणून दोन तास निघून जातात.

असं काही झालं तर १०८ ला फोन करा. रिक्षाने किंवा स्कूटरवर मागे बसून जाऊ नका. चोवीस तास अँजिओप्लास्टीची सोय असलेलं जवळचं हॉस्पिटल आजच ठरवून ठेवा. कासारवडवलीतून संध्याकाळी सातला कापूरबावडी-माजिवडा ओलांडायला किती वेळ लागतो हे तिथल्या माणसाला सांगायला नको, म्हणून घोडबंदरच्या त्याच बाजूचं निवडा. दारातच सांगा: 'मला ल्युपस आहे, स्टेरॉइड चालू आहे, दहा मिनिटांत ईसीजी काढा.' वय ३४ बघून परत पाठवायला निघाले तर हेच वाक्य पुन्हा सांगा. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) काही तासांच्या अंतराने दोनदा करून घ्या. वॉरफेरिन चालू असेल तर ॲस्पिरिन द्यायच्या आधी ते सांगा. औषधांची यादी, शेवटचा आयएनआर आणि अँटिफॉस्फोलिपिडचा रिपोर्ट मोबाइलच्या फोटोंमध्ये ठेवा आणि तो घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्येही असू द्या.